साताच्या पुढे

मंगळवार, पावणेसात. रॉचडेलमधली कौन्सिलची जिम.
खालच्या तलावातल्या क्लोरीनचा वास जिन्यानं वर येतो.
मी दहा मिनिटं आधी पोचते, चटई पुसते,
फोन लॉकरमध्ये टाकते आणि किल्ली फिरवते.
ही सवय उपजत नाही. डोरीननं लावली.

पहिल्या दिवशी मी चार मिनिटं उशिरा, हातात कॉफी.
ती कोटाची बटणं न काढता बाकावर बसलेली.
"दोन बस बदलून आले, पोरी," म्हणाली.
एवढंच.
मी इचलकरंजीच्या मैदानावर ओरडा खात वाढलेली;
न ओरडणाऱ्या माणसाचं बोलणं मला फार लागतं.

फॉर्मवर रकाना असतो: तुमचं ध्येय.
लोक लिहितात वजन, कंबर, सप्टेंबरातलं लग्न.
डोरीन हॅस्लम, वय एकाहत्तर, उजवा खुबा नवा बसवलेला,
हिनं लिहिलं: ओव्हनच्या खालच्या कप्प्यातला ट्रे.
त्याखाली, दुसऱ्या पेनानं:
जमिनीवरून आपलं आपण उठणं.

मी विचारलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात बुटाची नाडी सोडता सोडता तीच बोलली.
नऊ तास. स्वयंपाकघरात.
फ्रीजखाली एक वाटाणा होता, त्याच्याकडे बघत.
ते मी कुठेच नोंदवलं नाही.
त्याला रकाना नव्हता. असता तरी.

खो-खो खेळायचे मी. चौकोनात उकिडवं बसायचं,
मागून पाठीवर थाप, कानाशी खो,
की सुटायचं. पळशील का, असं कुणी विचारत नाही.
इथं विचारायचं: पाठीला हात लावू का?
दर वेळी. पन्नासाव्या वेळीही.
मला आधी हसू यायचं त्याचं.
मग एका सकाळी ती म्हणाली, आज नको.
का ते सांगितलं नाही.
मी हात मागे घेतला, नुसत्या शब्दांनी पाठ सरळ केली:
खांदे सोडा, नजर त्या लाल बादलीवर, हं, अश्शी.

आकडे मात्र मराठीत मोजते, ओठांतल्या ओठांत.
तिनं ते ऐकलेच.
सातवर थांबून, धापा टाकत विचारते,
"साताच्या पुढे कोण?"
आठ म्हटलं तर उठते.
एट म्हटलं तर बसून राहते, मुद्दाम.

फेब्रुवारीत डावी पोटरी सुजलेली. गरम.
त्या शंकेचं नाव मला ठाऊक होतं,
पण ते उच्चारणं माझं काम नाही.
आज व्यायाम नाही, म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टर.
"अगं पण मी पैसे भरलेत!"
पैसे परत. टॅक्सी मी बोलावली.
काउंटरवरच्या ग्लिनिसनं एक भुवई उचलली,
आणि ती पुढचे सहा मंगळवार तशीच ठेवली.
ती वेळ मी दुसऱ्या कुणाला दिली नाही.
घरभाडं भरताना जाणवलं ते, खोटं कशाला बोलू.
शुक्रवारी फोन करायचे, दोन मिनिटं.
ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना शिव्या द्यायची.
मी स्क्वॉटचं नावसुद्धा काढलं नाही.

एप्रिलात आली. डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून आणलेली,
मी मागायच्या आत पुढे केली.
हलकं हलकं सुरू केलं. मे गेला.
आणि एक दिवस, मी काही न सांगता,
ती चटईवर आडवी झाली.

कुशीवर वळली. कोपर टेकलं. एक गुडघा आत घेतला.
मी दोन पावलांवर, हात पाठीमागे,
एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलेलं.
हात लावू का, हे जिभेवर. गिळलं.
पाच. सहा.
सातला ती लटपटली, बादलीकडे बघितलं,
आणि आठ तीच म्हणाली, ठ अगदी चुकीचा,
उभी राहून.

मग कोट घातला. सगळी बटणं लावली.
"पुढच्या मंगळवारी बसचा संप आहे. बुधवार चालेल?"
मी डायरी बघितली.
बुधवारी पावणेसातला एक नवा मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा;
ध्येयाच्या रकान्यात त्यानं नुसती रेघ ओढलीय.
तिला साडेसातचं दिलं.